जुन्या बुलेटची चेन सुतात आहे का? घरच्या घरी तपासणी

चेन ताणली, दोन्ही बाजूंच्या कॅमच्या (एक्सल मागे-पुढे सरकवणाऱ्या खाचांच्या चकत्या) खाचा मोजून सारख्या केल्या, एक्सलचा नट आवळला. आता चाक सरळच बसलं असणार, असं बुलेट नव्याने हाती घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. नव्या गाडीत हे बऱ्याच अंशी खरं असतं. तीस-चाळीस वर्षं चाललेल्या गाडीत तसं गृहीत धरता येत नाही. कधीतरी गाडी पडलेली असते आणि स्विंगआर्म, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला चिमटा, ठोकून सरळ केलेला असतो. एका बाजूचा कॅम बदललेला आणि दुसऱ्या बाजूचा मूळचाच असतो. कॅम ज्या खुंटीला टेकतो ती खुंटी झिजलेली किंवा वेल्डिंग करून भरलेली असते. अशा गाडीत खाचांवरून फक्त अंदाज येतो. खात्री करायची तर मोजावं लागतं, आणि मोजायला महागडं काहीच लागत नाही.

इथे सगळं वर्णन उजव्या पायाने गिअर टाकायच्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटला धरून केलं आहे. १९४९ साली इंग्लंडमध्ये रेडिचला बाजारात आलेल्या स्विंगआर्मवाल्या बुलेटचीच ही रचना. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिल्यावर आपल्याकडे ती अनेक दशकं फार न बदलता चालू राहिली. चेन डाव्या बाजूला, माप ५/८ × ३/८ इंच, म्हणजे दुकानात ज्याला ५३० म्हणतात ते. ३५० ला पुढचं स्प्रॉकेट साधारणपणे १६ दात्यांचं आणि मागचं ३८ चं. मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमशी एकसंध असतं, त्यामुळे दाते खराब झाले की अख्खा ड्रम बदलावा लागतो. चेन सुतात ठेवायला एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

दुसरं कारण जिवाचं आहे. तिरकी धावणारी चेन दात्यांना बाजूने खाते, चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपवर सतत घासते आणि एक दिवस क्लिप उडते. सुटलेली चेन रस्त्यावर पडली तर नशीब. ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर गिअरबॉक्सकडचं कास्टिंग फुटू शकतं, मागचं चाक जाम होऊ शकतं.

चेन दोन तऱ्हांनी वाकडी असते

हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण पुढची सगळी मोजमापं याच फरकासाठी आहेत.

पहिली तऱ्हा म्हणजे कोन. मागचं चाक चिमट्यात तिरकं बसलेलं असतं, त्याच्याबरोबर मागचं स्प्रॉकेटही तिरकं होतं आणि चेन त्यावरून कोनात बाहेर पडते. हा दोष बहुतेक वेळा कॅम फिरवून जातो.

दुसरी तऱ्हा म्हणजे सरक. दोन्ही स्प्रॉकेट एकमेकांना समांतर असतात, पण एक दुसऱ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर असतं. याला कॅम कितीही फिरवले तरी उपयोग नाही. इथे स्पेसर चुकीचा असतो, वायसर राहिलेला असतो किंवा स्प्रॉकेटच दुसऱ्या मापाचं असतं. सरकेचा दोष कोनाने झाकायला गेलात, तर चेन जरा बरी दिसेल आणि गाडी एका बाजूला ओढायला लागेल.

काय काय लागेल

पाने, तारेचा ब्रश, रॉकेल आणि चिंध्या लागतील. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, गवंड्याची नायलॉनची दोरी आणि ओळंबा. खिडकीच्या कामाचा ॲल्युमिनिअमचा चौकोनी पाइप, साधारण पाऊण मीटर. दोन छोटी, पण जोरकस चुंबकं. सारख्या जाडीचे, समजा १० मिमीचे, लाकडाचे चार तुकडे. एक मार्कर पेन.

ॲल्युमिनिअमचा पाइप सरळ आहे याची खात्री दुकानदाराच्या शब्दावर ठेवू नका. फरशीवर त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा. मग पाइप उलटा करून तीच कड त्याच रेघेला दुसऱ्या बाजूने लावा आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर पाइप सरळ. मध्ये बारीक फट दिसली तर तो परत करा.

पायरी १: गाडी उभी करा, चेन धुवा

गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये ठेवा, किल्ली काढून खिशात टाका. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला चिंधी लावणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही, कोणत्याही घाईत करू नका. चिंधी ओढली जाते आणि पाठोपाठ बोटं जातात. चाक हातानेच फिरवायचं.

चेनचं वरचं कव्हर काढा. रॉकेल आणि ब्रशने चेन, मागचे दाते आणि पुढच्या स्प्रॉकेटभोवतीचा थर साफ करा. पेट्रोल वापरू नका, आगीचा धोका नाहक कशाला घ्यायचा? पुढच्या स्प्रॉकेटपाशी ग्रीस आणि मातीचा घट्ट गोळा जमलेला असतो. तो काढल्याशिवाय तिथे पट्टी लावून मोजलेलं कोणतंही माप खोटं असेल.

पायरी २: चेन मोजण्याच्या लायकीची आहे का

संपलेल्या चेनची अलाइनमेंट तपासणं म्हणजे वेळ वाया घालवणं. बुश-रोलर चेनचं पेटंट हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला १८८० मध्ये घेतलं आणि तिची झीज आजही त्याच जागी होते, पिन आणि बुशच्या मध्ये. बाजूच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज होते आणि शंभर सांध्यांची मिळून ती डोळ्यांना दिसण्याइतकी होते.

चेन ताठ धरून वीस कड्यांचं अंतर मोजा: एका पिनच्या मध्यापासून विसाव्या कडीपलीकडच्या पिनच्या मध्यापर्यंत. ५/८ इंच पिचच्या (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) नव्या चेनमध्ये हे ३१७.५ मिमी भरतं. ३२१ च्या आसपास आलं म्हणजे एक टक्का गेली, नव्या चेनसाठी पैसे बाजूला काढायला लागा. ३२४ आलं म्हणजे दोन टक्के, आता ती चेन काढूनच टाका. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

मग दाते बघा. दात्याचं टोक एका बाजूला आकड्यासारखं वळलं असेल तर ती ताणाची झीज आहे. आपल्याला हवी आहे ती बाजूची झीज. दात्यांच्या दोन्ही कडांवर आणि चेनच्या आतल्या पट्ट्यांवर बोट फिरवा. दोन्हीकडे थोडी चमक असेल तर ठीक. एकच बाजू आरशासारखी चकचकीत आणि दुसरी मळकट राहिली असेल, तर चेन नक्की एका बाजूला रेटली जाते आहे. कोणती बाजू ते वहीत लिहून ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

नवी चेन आणायला पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाल तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटचाही विचार करा. दाते कमी असल्याने ते मागच्याच्या कितीतरी आधी झिजतं.

पायरी ३: प्ले शोधा

जे हलतं ते मोजता येत नाही. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा, टकटक लागली तर बेअरिंग. चिमट्याचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकला, इथे प्ले लागला तर चिमट्याचे बुश. मागचं स्प्रॉकेट कडेला धरून हलवा, चाक स्थिर राहून फक्त ड्रम डुलत असेल तर त्याची बेअरिंग किंवा हबमधले रबर बघा. या तिन्हींपैकी काहीही सैल असेल तर आधी ते काम करून घ्या. बुश गेलेल्या चिमट्यात तुम्ही उभ्या गाडीत चाक कितीही सुतात आणलंत, तरी थ्रॉटल दिल्याबरोबर चेनच्या ओढीने ते पुन्हा वाकडं होणार.

रिमही पाहून घ्या. चिमट्याला खडू टेकवून धरा आणि चाक फिरवा. रिमला एकाच जागी खडू लागत असेल तर रिम आऊट आहे. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आऊट असेल तर आधी तारा आवळून घ्या.

पायरी ४: झोल

चाक सावकाश फिरवत चेनच्या खालच्या धावेचा (दोन स्प्रॉकेटमधला चेनचा खालचा भाग) मध्य बोटाने वर-खाली करत राहा. कुठेतरी चेन जास्त ताठ लागेल. ती टाइट जागा खालच्या धावेच्या मध्यावर आणूनच झोल मोजायचा. मेन स्टँडवर बुलेटला एकूण २५ ते ३० मिमी झोल ठेवतात. सैल जागा बघून चेन ताणली तर टाइट जागेवर ती तारेसारखी होते आणि गिअरबॉक्सची बेअरिंग मार खाते.

माणूस बसल्यावर चिमटा वर जातो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्हट (चिमटा ज्यावर वर-खाली फिरतो तो सांधा) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. म्हणून एकदा दोघांना गाडीवर बसवून बघा, तेव्हाही थोडा झोल उरलाच पाहिजे.

पायरी ५: स्प्रॉकेटवरून मोजा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. गाडीच्या मागे उकिडवे बसा, एक डोळा मिटा आणि चेनच्या वरच्या धावेवरून पुढे नजर टाका. मागच्या दात्यांवरून सुटतानाच चेन जरा वळते आहे का? सवय झाली की अर्ध्या अंशाचा कोनही असा पकडता येतो, पण त्याला मोजमापाची जोड हवीच.

आता गाडी गिअरमध्ये टाका आणि चाक मागच्या दिशेने फिरवून दाबून धरा. वरची धाव ताठ होईल. चाक असंच धरून ठेवायला एक मदतनीस घ्या. ॲल्युमिनिअमचा पाइप मागच्या स्प्रॉकेटच्या बाजूच्या सपाट भागावर दोन चुंबकांनी चिकटवा. चेनच्या दोन धावांच्या मधल्या मोकळ्या जागेतून तो पुढे आला पाहिजे. स्प्रॉकेटवर तो दोन ठिकाणी टेकेल आणि त्या दोन ठिकाणांमध्ये जितकं जास्त अंतर मिळेल तितकं चांगलं. ड्रम किंवा ब्रेक प्लेट आड येत असेल तर स्प्रॉकेटची दुसरी बाजू वापरा. पाइपखाली गंजाचा पोपडा किंवा ग्रीसचा कण राहू देऊ नका. ३८ दात्यांच्या स्प्रॉकेटचा व्यास साधारण १९० मिमी, त्यातले टेकायला मिळतात जेमतेम दीडशे. तिथली ०.३ मिमीची चूक अर्धा मीटर पुढे जाईपर्यंत १ मिमी होते.

पाइपपासून चेनच्या पट्टीपर्यंतचं आडवं अंतर दोन ठिकाणी मोजा: एकदा मागच्या स्प्रॉकेटवरून चेन सुटते तिथे आणि एकदा पुढच्या स्प्रॉकेटच्या शक्य तितकं जवळ. स्टीलच्या पट्टीचं तोंड दोन्ही वेळा चेनच्या एकाच प्रकारच्या (बाहेरच्या किंवा आतल्या) पट्टीला लावा. एकदा बाहेरच्या आणि एकदा आतल्या पट्टीला लावलं तर चेनच्या पट्टीच्या जाडीएवढी चूक आधीच आत शिरते. नंतर चाक अर्धा फेरा फिरवून पाइप पुन्हा लावा आणि पुन्हा मोजा. स्प्रॉकेट थोडं आऊट असेल तर ते दोन मापांच्या सरासरीत निघून जातं.

दोन्ही ठिकाणची सरासरी अंतरं सारखी आली तर काम झालं. १ मिमीपर्यंतचा फरक जुन्या गाडीत मी सोडून देतो. २ मिमीच्या वर गेला तर सोडू नका.

मागच्या स्प्रॉकेटला चिकटवायचं लेझरही बाजारात मिळतं. तेही हेच काम करतं, फक्त पाइपऐवजी उजेडाची रेघ. ते असेल तर भिंतीवर ठिपका पाडून, चाक फिरवून ठिपका एका जागी राहतो का ते बघा आणि मगच त्यावर विश्वास ठेवा.

पायरी ६: दोरी

आता चाकं एकमेकांमागे आहेत का ते बघायचं. ३५० बुलेटला जुन्या पद्धतीत पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१९ हेच टायर असतात, ही मोठी सोय आहे. मागे रुंद टायर टाकला असेल तर रुंदीतल्या फरकाचा निम्मा भाग प्रत्येक बाजूच्या मापातून वजा करावा लागतो.

मागच्या टायरच्या मागून दोरी घ्या, दोन्ही बाजूंनी पुढे आणा, पुढच्या चाकाच्याही पुढे दोन स्टुलांना ताठ बांधा. मागच्या टायरच्या दोन्ही कडांवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेला, दोरी आणि टायरच्या मध्ये १० मिमीचे लाकडी तुकडे धरा. चारही तुकडे सारखेच दाबले जाईपर्यंत स्टुलं सरकवत राहा. दोरी मेन स्टँडला, सायलेन्सरला किंवा फुटरेस्टला कुठेही टेकता कामा नये. टेकली की माप संपलं, उंची बदलून पुन्हा बांधा. हँडल असं सरळ करा की पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला दोरीपासूनचं अंतर एका बाजूला सारखं येईल. मग डाव्या आणि उजव्या बाजूची अंतरं ताडून बघा. सगळं सुतात असेल तर दोन्हीकडे १० च्या आसपास मिळायला हवं.

दोरीची ताकद अशी आहे की ती छोटी चूक मोठी करून दाखवते. समजा एक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा २ मिमी पुढे आहे आणि दोन्ही कॅममध्ये २०० मिमी अंतर आहे. म्हणजे शंभरात एक असा उतार झाला. बुलेटचा व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या एक्सलमधलं अंतर) १३७० मिमी, तेव्हा पुढच्या चाकापाशी दोरी जवळपास १४ मिमी बाजूला गेलेली असते. एका बाजूला अंतर तेवढं वाढतं, दुसऱ्या बाजूला तेवढंच घटतं. हे नजरेतून सुटूच शकत नाही. त्याच चुकीने चेनच्या अर्ध्या मीटरच्या धावेत ५ मिमीचा फरक पडतो.

गाडीच्या मागे उभं राहून ओळंबाही सोडा. मागचं चाक उभ्या रेषेत असताना पुढचं झुकलेलं दिसत असेल, तर चिमटा पिळलेला आहे किंवा फ्रेमला मार बसलेला आहे. ते घरी होणारं काम नाही. फ्रेम जिगवर सरळ करणाऱ्या कारागिराकडे जा.

पायरी ७: दोन्ही मापं शेजारी ठेवा

स्प्रॉकेटचं माप आणि दोरी एकाच बाजूचा दोष दाखवत असतील तर ती आनंदाची गोष्ट आहे. चाक तिरकं आहे, कॅमने सरळ होईल.

दोरी बरोबर, पण पाइपपासून चेनची दोन अंतरं वेगळी आणि चेन मागच्या दात्यांवर एका कडेला घासते आहे, तर ती सरक आहे. दाते आतल्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसलेत का ते बघा, दोन्हीकडची फट सारखी हवी. मागच्या एक्सलवरचे स्पेसर आणि वायसर कोणत्या क्रमाने बसलेत ते पार्टच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडा. जुन्या गाडीत एखादा वायसर चुकीच्या बाजूला गेलेला असणं फार सामान्य आहे. पुढचं स्प्रॉकेट सगळ्यांत शेवटी बघा, कारण बुलेटमध्ये ते क्लचच्या मागे असतं. प्रायमरी केस (इंजिनापासून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनची पेटी) उघडून क्लच काढल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही. उघडलंच तर स्प्रॉकेट पूर्ण आत बसलंय का, नट आणि लॉक वायसर घट्ट आहेत का, स्प्रॉकेट उलटं तर लावलेलं नाही ना, हे एकाच बैठकीत पाहून घ्या.

स्प्रॉकेट सुतात आणि दोरी बाजूला, असंही होतं. पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना अंतर सारखं, पण डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी, तर मागची रिम हबवर मध्यावर बांधलेली नाही. तारा बांधणाऱ्याकडून रिम सरकवून घ्या. इथे नवखे लोक एक गोष्ट हमखास करतात: थोडं दोरीचं, थोडं चेनचं ऐकून कॅम मधल्याच कुठल्यातरी खाचेवर ठेवतात. तसं करू नका. दोन मापांत मेळ नाही म्हणजे एखादा भाग वाकलेला किंवा चुकीचा आहे. तो सापडेपर्यंत चाक स्प्रॉकेटप्रमाणे लावा आणि गाडी जपून चालवा.

पायरी ८: लावा, आवळा, पुन्हा मोजा

एक्सलचा नट सैल करण्याआधी ब्रेक रॉडचा नट आणि ब्रेक प्लेट धरून ठेवणारा अँकरचा नट सैल करा. चाक मागे सरकलं की रॉड ताणला जातो आणि ब्रेक धरून राहतो. कॅम एका वेळी एकच खाच फिरवा. दोन खाचांच्या मधल्या जागेची गरज असेल आणि खुंटी झिजलेली असेल, तर खुंटी दुरुस्त करून घ्या. पत्र्याचा तुकडा कोंबण्याचा उपाय एका खड्ड्यात निकामी होतो.

आवळताना एक युक्ती आहे. खालच्या धावेत, मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये चिंधीची घडी घाला आणि चाक पुढे जाण्याच्या दिशेने फिरवून घडी दात्यांमध्ये अडकवा. चेन ताणली जाते, एक्सल पुढे ओढला जातो आणि दोन्ही कॅम खुंट्यांना घट्ट टेकतात. बोटं लांब ठेवा. आता ब्रेक दाबून धरायला कोणाला तरी सांगा, म्हणजे ब्रेक शू मध्यावर येतात, आणि नट आवळा. अँकरचा नट विसरू नका. तो सुटला तर ब्रेक मारल्यावर प्लेटच गरगर फिरते.

मग पाचवी आणि सहावी पायरी पुन्हा. कंटाळवाणं वाटेल, पण नट आवळताना चाक हलतं आणि बहुतेकांचं काम इथेच फसतं. माप बरोबर आलं की डावीकडे कितवी खाच, उजवीकडे कितवी, हे लिहून ठेवा आणि कॅमवर रंगाचा ठिपका द्या. डावीकडे चौथी आणि उजवीकडे पाचवी आली तरी काळजी नको, तुमच्या गाडीत तेच सरळ आहे. पुढच्या वेळी दोन्हीकडे तेवढ्याच खाचा सरकवायच्या.

चेन लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवी. लॉक वरच्या धावेत आणलं की बंद बाजू गाडीच्या पुढच्या दिशेला दिसली पाहिजे. ब्रेकचं पेडल, ब्रेक लाइट आणि झोल, तिन्ही पुन्हा तपासा.

इतर जुन्या गाड्यांबद्दल थोडं

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या जावा-येझदीत चेन पूर्ण बंद पेटीत असते. धुळीपासून ती छान वाचते, पण बाहेरून काही दिसत नाही. तिथे आधी दोरी लावा. शिवाय चिमट्याच्या पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी एकाच सळईवर खुणा करून ताडा, फरक १ मिमीच्या आत ठेवा. दोष दिसला तरच पेटी उघडा.

महायुद्धाच्या काळातली बीएसए एम २० सारखी गाडी हाती असेल तर तिला मागे चिमटाच नाही, चाक थेट फ्रेममध्ये बसतं. तिचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो आणि प्रायमरी चेन ताणायला तो सरकवावा लागतो. म्हणून आधी प्रायमरी चेन, गिअरबॉक्सचे नट आवळून पक्के, आणि मगच मागची चेन. गिअरबॉक्स तिरका आवळला गेला तर पुढचं स्प्रॉकेटच तिरकं होतं आणि मागे कितीही मोजलंत तरी उत्तर सापडत नाही. बुलेटमध्ये गिअरबॉक्स इंजिनच्या केसलाच बोल्टने जोडलेला असल्यामुळे ही कटकट नाही.

पायरी ९: मार्करने पडताळा

मागच्या स्प्रॉकेटच्या आठ-दहा दात्यांच्या दोन्ही कडा मार्करने रंगवा, सुकू द्या. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने, रोलर आणि पट्ट्यांच्या फटीत थेंब-थेंब सोडा, जास्तीचं पुसून घ्या. पहिले पाच-दहा किलोमीटर सावकाश जा. परत आल्यावर एक्सलचा नट, अँकरचा नट आणि क्लिप पुन्हा बघा.

दोनशे किलोमीटर झाल्यावर दात्यांकडे पाहा. दोन्ही कडांवरचा रंग सारखाच फिका झाला असेल तर चेन मध्यावर धावते आहे. एकाच कडेचा रंग साफ पुसला गेला असेल तर दुसऱ्या पायरीत वहीत लिहिलेली बाजू काढून बघा. तीच बाजू असेल तर दोष अजून गेलेला नाही, पाइप घेऊन पाचव्या पायरीवर परत जा. विरुद्ध बाजू असेल तर कॅम एक खाच जास्त फिरला आहे.